भागीआत्या काचेच्या कपाटात जाणार नाही

मी, गजेंद्र भिकाजी धुरी, वय बहात्तर, मूळ गाव कुडाळ तालुक्यातलं, सध्या राहणार हमरिया, मस्कत, धंदा एसी दुरुस्ती आणि लोकांना हसवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयात स्टेंट आहेत, पण कायद्याला डोक्याशी मतलब, हृदयाशी नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पत्नी जयवंती शेजारी बसून भेंडी चिरते आहे आणि मधूनमधून "काय लिहिलंत, वाचा बघू" म्हणते आहे. वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले याला दडपण म्हणत नाहीत, संसार म्हणतात.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मला कोणी मेलेला ठरवलं नव्हतं. वाचणाऱ्याला संदर्भ लागावा म्हणून झालेली हकिकत आधी नोंदवतो.

गेल्या महिन्यात छातीत कळ आली म्हणून मला इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवलं. थोड्या वेळाने आमच्या 'रुवी मराठी मित्रमेळ्या'चा अध्यक्ष धनंजय मला बघायला आला. त्याला दिसली रिकामी खाट आणि नवी कोरी चादर. कोणाला काही विचारायचं? छे! सगळ्यांच्या आधी श्रद्धांजली टाकायची त्याला भारी हौस. जिन्यातच त्याने ग्रुपवर माझा फोटो टाकला, हार घातलेला, खाली दोन समया. हार घातलेला फोटो त्याच्याकडे आधीपासून तयार कसा होता, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

दिवस शुक्रवार, म्हणजे सुट्टी. संध्याकाळी गणपतीच्या तयारीची सभा बोलावलेलीच होती, तिचीच शोकसभा केली. जयवंतीचा फोन बंद पडलेला, मुलगा कौशिक सोहारच्या कारखान्यात पाळीवर, आत फोन न्यायची बंदी. त्यामुळे खरंखोटं करायला कोणी भेटलंच नाही. मी वॉर्डात बसून इडली खात होतो आणि फोनवर माझ्याच आत्म्याला शांती लाभत होती. मी ग्रुपवर लिहिलं, "मी आहे." त्यावर एकाने अंगठा दाखवला, आणि त्याच्याही खाली आणखी तिघांनी "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिली. म्हणजे वाचतं कोण!

त्या सभेत एकमताने ठराव झाला. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, कै. गजेंद्र धुरी यांच्या निधनाने मित्रमेळ्याची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे. दोन, त्यांच्या स्मरणार्थ त्यांनी गाजवलेली 'भागीआत्या' ही भूमिका यापुढे कायमची बंद करण्यात येत आहे. तीन, भागीआत्याची साडी, अंबाडा, चष्मा आणि छत्री मित्रमेळ्याच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात सन्मानाने ठेवण्यात यावी.

मी घरी आल्यावर धनंजयला फोन केला. म्हटलं, "बाबा रे, मी जिवंत आहे. ठराव मागे घे." तो म्हणाला, "काका, गैरसमज नको. पण ठराव एकमताने झालाय. आणि तुम्हालाही आता आरामच हवा ना? यंदा आम्ही मुंबईहून मालिकेतला एक नट बोलावतोय, गप्पांचा कार्यक्रम ठेवलाय." मी म्हटलं, "निदान 'कै.' तरी काढ." त्यावर चिटणीस ऋचाबाईंचा उलटा फोन आला. त्या म्हणाल्या, ठराव रद्द करायला वार्षिक सभाच लागते, ती मार्चमध्ये. आणि ठराव फोडता येत नाही, अर्धा ठेवून अर्धा काढता येत नाही. नियम म्हणजे नियम.

ठीक आहे. नियम तर नियम. आता माझी कलमं वाचा.

कलम पहिले. कुडाळचा ब्लॉक, इथल्या घरातलं सगळं सामान आणि बँकेत जे काही असेल ते जयवंतीचं. किती आहे ते बँकेला ठाऊक, मला नाही आणि तिला विचारू नका, ती सांगणार नाही. तिच्या मागे हे सगळं कौशिकचं. त्यावरून कोणी भांडायचं नाही, कारण भांडायला कौशिक एकटाच आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयवंती करील. ती म्हणते, "मला कसली कामं लावता!" पण करील.

कलम दुसरे. दुकानातली हत्यारं, गेजचा संच, व्हॅक्युम पंप, गॅसच्या टाक्या आणि ती मोठी शिडी, हे सगळं माझा भागीदार जुनैद याला. जुनैद, शिडीचा डावा पाय हलतो, सांभाळून चढ.

या हत्यारांपायी मला एक माणूस भेटला, तोही इथे नोंदवतो, कारण पुढच्या कलमाशी त्याचा संबंध आहे. कुरुमच्या एका हॉटेलात ग्रीसचा एक मॅनेजर होता. त्याच्या खोलीचा एसी बिघडला की तो मलाच बोलवायचा. एसीचं काम होईपर्यंत तो लॅपटॉपवर त्याच्या देशातल्या एका विनोदी नटाचे जुने, काळेपांढरे चित्रपट लावायचा. नट बुटका, ढेरपोट्या, भुवया अशा की नुसत्या उचलल्या तरी हसू यावं. मला भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तरी मी शिडीवरून हसून हसून खाली पडायचा राहिलो होतो. तो नट म्हणे आधी गोदीत हमाली करायचा, मग तंबूतल्या नाटकात शिरला, मग सिनेमात. नेहमी एकच भूमिका, कर्जबाजारी न्हाव्याची. सगळा देश त्याला त्या न्हाव्याच्याच नावाने हाका मारायचा. शेवटी डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं तरी तो काम करत राहिला. मी विचारलं, "तो गेल्यावर न्हावी कोणी केला?" मॅनेजर म्हणाला, "कोणीच नाही. कोणाची हिंमत झाली नाही. त्याच्या गावात आता त्याचा पुतळा आहे. छान आहे, पितळी." मी विचारलं, "पोरं हसतात का पुतळ्याकडे बघून?" त्याने नकारार्थी मान हलवली. खुद्द मॅनेजरच्या मुलांना तो न्हावी ठाऊकच नव्हता.

त्या दिवशी मी एसी दुरुस्त केला आणि पैसे न घेता खाली आलो. इतकं वाईट वाटलं मला. एवढा मोठा नट, सगळ्यांनी मिळून त्याला मान देऊन मारून टाकला!

कलम तिसरे. आजवर माझे जेवढे सत्कार झाले, त्यांच्या सगळ्या शाली, सन्मानचिन्हं, घड्याळं, चांदीच्या मुलाम्याचे गणपती आणि एक काचेचा उंट, हे सगळं मित्रमेळ्याला परत. काचेच्या कपाटात काय ठेवायचं हा त्यांना प्रश्न पडला आहे ना, हे ठेवा. नारळ मिळणार नाहीत, ते आम्ही खाल्ले.

कलम चौथे, भागीआत्या. सगळ्यांनी लक्ष देऊन वाचावं.

भागीआत्या कोण, हे मस्कतमध्ये नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. मी कोकणातला दशावतारी. मिसरूड फुटायच्या आत स्त्रीपार्टी म्हणून उभा राहिलो. आमच्यात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं आणि समोरच्याने झेलायचं. मग पोटासाठी इथे आलो. तेव्हा कामगारांच्या कॅम्पात आम्ही सगळे बाप्ये. बायका गावाला. गणपती बसला तेव्हा कोणीतरी म्हणालं, धुरी, काहीतरी कर. मी गावाहून आणलेली वाकळ उसवली, तिच्या वरचं जयवंतीचं जुनं लुगडं काढलं, नेसलो आणि बाहेर आलो. आलो तो गावाहून चार दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर भाच्याकडे आलेली आणि परत जायचं नावच न घेणारी म्हातारी होऊन. "माझो व्हिसा संपलो, तरी मी खंय जातंय!" एवढं म्हटलं आणि कॅम्प कोसळला. अर्बाबाला, म्हणजे इथल्या मालकाला, ती दटावायची, विमान कंपनीला शिव्या घालायची, कुबूस या इथल्या रोटीला भाकरी म्हणायला साफ नकार द्यायची. आणि शेवटी समोर बसलेल्यांत उतरून एकेकाच्या तोंडावरून हात फिरवायची, "जेवलस काय रे झिला?" आत्ता हसणारे बाप्ये ढसाढसा रडायचे. दरवर्षी गणपतीत नवा प्रवेश, आत्या तीच. पुढे सलालाह, सोहार, सगळीकडे बोलावणी आली. रुवीच्या रस्त्यात मला गजेंद्र म्हणून कोणी ओळखत नाही, आत्या म्हणून गाड्या थांबतात.

जयवंती पहिल्यांदा मस्कतला आली तेव्हा विमानतळावरून थेट कार्यक्रमाला आली आणि आपलं लुगडं नवऱ्याच्या अंगावर बघून मधल्या वाटेतच उभी राहिली. नंतर म्हणाली, "नेसायचंच असेल तर निऱ्या तरी नीट घाला." तेव्हापासून निऱ्या ती घालते. हे लिहिताना ती डोळे पुसते आहे आणि म्हणते आहे की भेंडी तिखट आहे.

आता कौशिकबद्दल. कौशिक, शाळेत तुला पोरं 'आत्याचा मुलगा' म्हणायची. त्यांत सगळ्यात पुढे हाच धनंजय असायचा, तुझ्याच वर्गातला. तू दहा वर्षांचा असताना येऊन मला म्हणालास, "बाबा, सगळ्यांचे बाबा पँट घालतात." त्यानंतर तू माझ्या कार्यक्रमाला आला नाहीस. तुला लागलं, ते मला ठाऊक आहे. पण मी माफी मागणार नाही. आज नाही, वरूनही नाही. एसीने तुझी फी भरली, आत्याने मला माणसात ठेवलं. ती नसती तर मी कधीच गाशा गुंडाळून गावाला गेलो असतो, नाहीतर इथेच वेडा झालो असतो. तुला लाज वाटली तर वाटू दे. माझा काही इलाज नाही.

तर भागीआत्या, म्हणजे तिची साडी, अंबाडा, चष्मा, छत्री, तिचं नाव, तिचं फटकळ बोलणं आणि तिची जागा, हे सगळं मी माझी नात पूर्वा कौशिक धुरी हिला देत आहे. एकटीला. मित्रमेळ्याला नाही, मुंबईच्या नटाला नाही, कपाटाला तर नाहीच नाही.

मला ठाऊक आहे, आता सगळे म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. पूर्वा बावीस वर्षांची, इथल्याच शाळेत शिकलेली, कॉलेज करून परत आली आणि रुवीत दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिचं मराठी अडखळतं. मालवणी तर तिने घरी आज्याकडूनच ऐकलेलं. ऋचाबाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, "तिला 'ळ' तरी म्हणता येतो का?" तर झालं ते सांगतो.

मी घरी आल्याच्या आठवड्यात धनंजय आमच्याकडे आला. सोबत कमिटीतले दोघे, एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं. कपाटाचं माप घ्यायला साडी हवी म्हणे. मी खाटेवर पडलेला, जयवंती देवळात गेलेली. मी उठून चार शब्द सुनावणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून पूर्वा बाहेर आली. जीन्सवरच साडी गुंडाळलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, छत्री काखेत. मी तिला काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ.

"कोण तो? धनू? बूट घालून आत इलंस?"

अहो, पन्नाशीला टेकलेला माणूस, एवढ्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर, त्याने मुकाट्याने बूट काढले.

"आत्या मेली म्हणून सांगत फिरतंस. कोणी बघितली? बॉडी खंय आसा?"

"तसं नाही हो आत्या…" धनंजय म्हणाला. आत्या म्हणाला! त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग पूर्वा थांबली. तिला पुढचा शब्द सापडेना. मला तिची ती थांबण्याची खोड माहीत आहे, घरात ती बोलताना नेहमी अशीच थांबते. पण तिथे, छत्रीवर हात ठेवून, धनंजयच्या डोळ्यांत बघत ती जी थांबली, ती थांबलीच. धनंजयला घाम फुटला. मोजपट्टीवाला हसू दाबून भिंतीकडे वळला. मी पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली, पण एवढं थांबायची छाती मला कधी झाली नाही.

"…ता… काय म्हणतत ता… सर्टिफिकेट! सर्टिफिकेट खंय आसा? आणि कमिटी माका खांदो देतली की नाय, ता पण लिहून दी!"

मोजपट्टीवाला खालीच बसला हसत. खोकेवाल्याने खोकं टाकलं. धनंजय हसला नाही, त्याने हात जोडले, बूट हातात घेतले आणि दारातून म्हणाला, "येतो आत्या." अनवाणी लिफ्टपर्यंत गेला.

पूर्वाने साडी सोडली आणि माझ्या खाटेवर येऊन रडायलाच लागली. म्हणाली, "आजोबा, आय एम सॉरी, मी सगळं चुकीचं बोलले ना?" मी म्हटलं, "चुकीचं बोललीस म्हणूनच आत्या झालीस. बरोबर बोलायला बातम्यांवाली बाई आहे." माझं काळीज सुपाएवढं झालं होतं. हे मृत्युपत्र लिहायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

कलम पाचवे, पूर्वासाठी. पाठ करू नकोस. कोणी संवाद लिहून दिले तर त्यांत भजी बांध. लोक हसत असताना बोलू नकोस, आणि ते हसायचे थांबले तर घाबरू नकोस. आत्याला इंग्रजी येऊ दे, तिलाही इतकी वर्षं झाली इथे. माझी नक्कल केलीस तर मी वरून छत्री फेकून मारीन. निऱ्या आजीकडून घालून घे. प्रवेशाच्या शेवटी खाली उतरून लोकांना जेवण विचारायचं, ते मात्र सोडायचं नाही. इथे अजून पुष्कळ बाप्ये एकटे राहतात.

कौशिकचं म्हणणं होतं, "बाबा, तिचं लग्न व्हायचंय. लोक तिला आत्या म्हणतील." म्हणू दे. ज्याला आत्या चालत नाही तो आमच्या घरचा जावई होऊ नये. हा मुद्दा इथे संपला. खलास.

कलम सहावे. माझे अंत्यसंस्कार इथेच करावेत. मला विमानाच्या पोटात खोक्यात घालून नेऊ नये. फोटोला हार हवा असेल तर धनंजयकडे तयार आहे.

कलम सातवे आणि शेवटचे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं, हे मला वकिलांनी समजावलं आहे. म्हणजे सरकारी कायद्याप्रमाणे वरची कलमं माझा श्वास थांबल्यावर अमलात येतील, तोवर कुडाळचा ब्लॉक माझा आणि शिडी माझी. पण भागीआत्याचा मामला सरकारी नाही, मित्रमेळ्याचा आहे. आणि मित्रमेळ्याच्या दप्तरात, अध्यक्ष आणि चिटणीस यांच्या सहीने, एकमताने, मी कै. आहे. तो ठराव मार्चपर्यंत रद्द होत नाही. तो फोडता येत नाही. 'कै.'ही काढता येत नाही. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात.

मग मित्रमेळ्यापुरता मी मेलेला आहे, आणि मित्रमेळ्यापुरतं हे मृत्युपत्र आजपासून लागू आहे. मेलेल्या माणसाची साडी त्याच्या वारसाची असते, शोकसभेची नव्हे. भागीआत्या आजपासून पूर्वाची. येत्या गणपतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तुमच्या रंगमंचावर येईल. तिला अडवायचं असेल तर एकच मार्ग आहे, ठराव रद्द करा आणि मी जिवंत आहे असं लिहून द्या. तसं दिलंत तर मी जिवंत, भूमिका माझी, आणि मग मीच येतो, स्टेंटसकट. दोन्हींतलं काय हवं ते कमिटीने ठरवावं.

या मजकुराची एक प्रत आज संध्याकाळच्या गणपतीच्या सभेआधी धनंजयच्या हातात पडली पाहिजे. मी जुनैदला पाठवणार होतो. कौशिक सोहारहून सुट्टीवर आला आहे, त्याने आत्ताच हे सगळं उभ्या उभ्या वाचलं. चौथं कलम त्याने परत वाचलं. कागदांची नीट घडी घातली. मग म्हणाला, "द्या इकडे. मी नेतो. आणि धनंजयने विचारलं कोण आलंय, तर सांगतो, आत्याचा मुलगा आलाय."

सही
गजेंद्र भिकाजी धुरी
(मित्रमेळ्याच्या मते कैलासवासी)

साक्षीदार पहिले: हुसैनमियाँ, शिंपी, हमरिया. मूळ गाव खेड. भागीआत्याची सगळी पोलकी मी शिवली. गजाभाऊंनी माझ्या देखत सही केली. पूर्वाचं माप कालच घेतलं, गुरुवारी पोलकं तयार होईल.

साक्षीदार दुसऱ्या: डॉ. सिदरा, हृदयरोग विभाग. मला मराठी वाचता येत नाही, मजकूर पूर्वाने समजावून सांगितला, हे शब्दही तिनेच मराठीत उतरवले. सही करणारे गृहस्थ शुद्धीत आहेत. मी नाडी पाहिली. जिवंत आहेत.

ठिकाण: हमरिया, मस्कत
तारीख: २२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार